सैनिकाच्या घरातील एम. ए. : सवलती कोणत्या, कोणासाठी आणि कुठवर

आमच्या निवासी शाळेत भेटीचा रविवार असला की व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. कल्याण पूर्व, विठ्ठलवाडी, डोंबिवली, अंबरनाथ, कळवा येथून मंडळी येतात. मुलाला डबा द्यायचा, त्याची वही चाळायची आणि मग निघण्यापूर्वी एखादा प्रश्न शिक्षकांच्या कानावर घालायचा, असा क्रम ठरलेला. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे. विचारणारे बहुधा निवृत्त नाईक, हवालदार किंवा सुभेदार असतात, नाही तर शाळेतून बाहेर पडून आठ-दहा वर्षे झालेला त्यांचा मुलगा असतो. ‘जय भीम सर, वडिलांची मिलिटरीची सर्व्हिस आहे. त्यावर ऑनलाइन एम. बी. ए. नाही तर एम. ए. होतं का? फी सरकार भरतं ना?’

प्रश्न साधा वाटतो, उत्तर मात्र साधे नाही. ते चुकीचे मिळाले तर केवढे नुकसान होते हे आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिले. मुलगा हुशार. वडील महार रेजिमेंटमधून नाईक म्हणून निवृत्त झालेले. बारावीनंतर त्याने बी. बी. ए. केले, त्या काळात केंद्र सरकारची शिष्यवृत्तीही घेतली. पुढे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला. नोकरी सांभाळून ऑनलाइन एम. बी. ए. करावे असे मनात आले, तेव्हा स्थानकाजवळच्या एका प्रवेश केंद्राच्या माणसाने त्याला ठामपणे सांगितले की माजी सैनिकांच्या पाल्यांना सर्व शुल्क परत मिळते, आधी फक्त भरायचे. वडिलांनी बँकेतील ठेव मोडली आणि पहिला हप्ता भरला. शुल्क परत मिळाले नाहीच. वर्षभराने कळले की त्या विद्यापीठाला तो अभ्यासक्रम ऑनलाइन चालविण्याची परवानगीच नव्हती. त्या केंद्राचे नाव घेऊन आता काही साधणार नाही. परंतु त्या घरात पुन्हा कोणी ‘पुढे शिकतो’ असे म्हणण्यापूर्वी दहादा विचार करील, ही हानी पैशापेक्षा मोठी आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय एकदा नीट मांडावा, असे ठरविले.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. त्यामुळे आधी थोडे मागे जावे लागेल आणि त्याला कारणही आहे. सैन्य आणि शिक्षण यांचा संबंध आपल्या समाजाला नवा नाही. किंबहुना आपल्या घरांत अक्षर प्रथम शिरले ते पुष्कळदा छावणीच्या वाटेने. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. फौजेतील शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना लिहिणे-वाचणे शिकविण्याची सोय पलटणीच्या शाळांतून होती. गावात ज्या मुलाला शाळेच्या ओट्यावरही बसू देत नसत, तोच मुलगा पलटणीत पाटीवर अक्षरे गिरवीत असे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी हवालदार होते. वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले, त्यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि सुमारे चौदा वर्षे सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले मूल अशा रीतीने एका सैनिकी शिक्षकाचे मूल होते. शिक्षकी पेशातील आम्हां मंडळींना या गोष्टीचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

पण आज सांगायची गोष्ट त्याच्या पुढची आहे. रामजी निवृत्त झाले, कुटुंब दापोली, सातारा करीत मुंबईला आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते आणि त्यांना पुस्तकांचे वेड होते. हाती पैसा नसे. तेव्हा रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आले की दागिना सोडवून तिला परत देत. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे. त्या काळी सैनिकाच्या मुलाच्या उच्च शिक्षणासाठी कोणतीही योजना, कोणताही अर्ज, कोणतेही संकेतस्थळ नव्हते. होते ते एक पेन्शन आणि एका बहिणीचा दागिना.

त्याच सुमारास ही वाटही बंद झाली. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगर लढाऊ जाती’ असा भेद करून, कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली त्यांच्याच नातवंडांना पलटणीचे दार बंद झाले. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध विनंतिपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनीही पुढे अर्ज-विनंत्या केल्या. आम्ही हे अर्ज इतिहास शिकविताना मुलांना समजावून सांगतो, तेव्हा एक मुद्दा मुद्दाम सांगतो की येथे नोकरी मागितलेली आहे खरी, पण नोकरीबरोबर जाणारी शाळाही मागितलेली आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची उभारणी झाली, तेव्हा कुठे दार पुन्हा उघडले. आज कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या आपल्या माजी सैनिकांपैकी पुष्कळांची सेवा याच रेजिमेंटमधील आहे.

पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च बाबासाहेबांनी कसा भागविला, हेही या विषयात पाहण्याजोगे आहे. बी. ए. झाल्यावर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. अट होती परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची. कोलंबियात एम. ए. झाले, प्रबंध लिहिला, लंडनला गेले, तोच मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. राहावयास घर मिळेना आणि कार्यालयात शिपाई दुरून फाइली टाकीत, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, तेव्हा १९२० मध्ये ते लंडनला परत जाऊ शकले. एका शिष्यवृत्तीने सर्व पार पडले नाही. एक पिशवी कोठवर पुरते आणि दुसरी कोठून उघडायची, याचा हिशेब त्यांनाही करावा लागला. आज आपल्या मुलांना तोच हिशेब वेगळ्या कागदांवर करावा लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मिलिटरीच्या सवलतीवर ऑनलाइन पदवी’ ही कल्पना आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून आली आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा झाला. युद्धावरून परतलेल्या सैनिकाचे महाविद्यालयीन शुल्क आणि निर्वाहभत्ता सरकारने उचलला. १९४७ मध्ये तेथील महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता, तरी दक्षिणेकडील कृष्णवर्णीय सैनिकाला गोऱ्यांच्या महाविद्यालयात प्रवेश नव्हता आणि कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत जागा अपुऱ्या होत्या, त्यामुळे कागदावरचा हक्क त्याच्या हाती अर्धाच आला. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पुढे २००९ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने छत्तीस महिन्यांचे शिक्षण, पदव्युत्तर शिक्षणही, ऑनलाइन अभ्यासक्रमही यात आले, आणि काही अटींवर तो हक्क पत्नीला वा मुलांना देण्याची मुभाही मिळाली. परदेशी असलेल्या नातलगांकडून किंवा मोबाइलवरील चित्रफितींतून हे ऐकून आपल्याकडील माणूस समजतो की येथेही असेच असणार.

येथे तसे नाही. भेद मुळातच आहे. तेथील लाभ सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा आहे. आपल्याकडील बहुतेक सवलती सैनिकाच्या मुलांसाठी आणि विधवेसाठी आहेत, आणि त्यांतही पदवीपर्यंत किंवा पहिल्या व्यावसायिक पदवीपर्यंत. ऑनलाइन एम. ए. या दोन्ही चौकटींच्या बाहेर पडते.

सर्वांत परिचित योजना म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. ती २००६-०७ पासून चालू आहे आणि केंद्रीय सैनिक बोर्ड ती राबविते. माजी सैनिकांच्या पाल्यांना व विधवांना दरसाल ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलींना आणि निम्म्या मुलांना. मुलींना दरमहा ३,००० रुपये आणि मुलांना २,५०० रुपये. युद्धात वीरमरण आलेल्यांची व अपंगत्व आलेल्यांची मुले आधी, मग शौर्यपदकप्राप्तांची, आणि शेवटच्या गटात अधिकारी दर्जाखालील इतर माजी सैनिकांची मुले, असा प्राधान्यक्रम आहे. प्रवेशपात्रतेच्या परीक्षेत किमान साठ टक्के गुण हवेत. नवा अर्ज फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करता येतो. ‘पुढच्या वर्षी भरू’ म्हणून थांबलेल्या कितीतरी मुलांची ही शिष्यवृत्ती गेली आहे.

या योजनेतील खरा शब्द ‘पहिली व्यावसायिक पदवी’ हा आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, बी. एड., बी. बी. ए., बी. सी. ए. यांसारखे अभ्यासक्रम त्यात बसतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम बसत नाहीत, अपवाद फक्त एम. बी. ए. आणि एम. सी. ए. यांचा. इतिहास, मराठी, पाली, अर्थशास्त्र, समाजकार्य यांतील पदव्युत्तर पदवीला येथे स्थान नाही. ज्याने बी. कॉम. किंवा बी. ए. केले आणि मग एम. बी. ए. घेतले, त्याची ती पहिली व्यावसायिक पदवी ठरते. पण ज्याने बी. बी. ए. आधीच केले त्याची ती दुसरी ठरते. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याचा घोटाळा नेमका येथे झाला. केंद्रातील माणसाने सांगितलेले वाक्य अर्धे खरे होते, पण त्याच्या बाबतीत ते लागू नव्हते. शिवाय दरमहा अडीच हजार म्हणजे ‘सर्व शुल्क’ नव्हे, एवढे तरी त्या घरात कोणी विचारावयास हवे होते.

दुसरी योजना संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून मिळणाऱ्या शैक्षणिक अनुदानाची. हवालदार दर्जापर्यंतच्या माजी सैनिकाच्या जास्तीत जास्त दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत हे अनुदान मिळते. दरडोई दरमहा १,००० रुपये होते, ते १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० करण्यात आले. मुलांसाठी ही योजना पदवीशी थांबते. परंतु तिच्यात एक ओळ अशी आहे की आम्ही ती प्रत्येक भेटीच्या रविवारी वाचून दाखवितो : सैनिकाची विधवा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत असेल तर तिलाही हे अनुदान आहे.

ही ओळ आमच्या डोळ्यांत भरण्यास कारण घडले. कोळसेवाडीत राहणाऱ्या आपल्या एका भगिनीचे पती सेवेत असताना वारले. दोन्ही मुलगे आमच्या वसतिगृहात होते. मुले शिकत होती तोवर तिने स्वतःकडे पाहिले नाही. धाकटा दहावी झाला तेव्हा म्हणाली, ‘सर, माझं बी. ए. झालंय लग्नाआधी. आता एम. ए. करू का? लोक हसतील.’ तिला सर्व योजना मुलांच्याच वाटत होत्या. सैनिक कार्यालयात ती आजवर दोनदा गेली होती, दोन्ही वेळा मुलांच्या कागदांसाठी. स्वतःच्या शिक्षणाचे विचारायचे असते हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही सांगितले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आम्हीच तोवर तो नियम नीट वाचलेला नव्हता. रक्कम फार मोठी नाही. पण सासरच्या माणसांपुढे ‘सरकारने मला शिकायला पैसे दिले आहेत’ असे म्हणता आले, त्याचे मोल तिला अधिक वाटले. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की हे अनुदान वर्ष उत्तीर्ण झाल्यावर, गुणपत्रिका जोडून मागावयाचे असते. प्रवेशाच्या दिवशी भरावयाचे शुल्क आपल्याच खिशातून जाते.

युद्धात वीरमरण आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांची सवलत वेगळी आणि पुष्कळ उदार आहे. १९७१ च्या युद्धानंतर ती सुरू झाली. शिकवणी शुल्क, वसतिगृहाचे शुल्क, पुस्तके, गणवेश यांचा खर्च सरकार देते. मध्यंतरी दरमहा दहा हजारांची मर्यादा घातली होती, ती २०१८ मध्ये काढून टाकली. सेवेत असलेल्या सैनिकाला मुलांसाठी मिळणारा शिक्षणभत्ता मात्र बारावीपर्यंतच असतो, हे पुष्कळांना मूल तेरावीत गेल्यावर कळते.

आता स्वतः सैनिकाचे काय? पंधरा-सतरा वर्षे सेवा करून चाळिशीच्या आत निवृत्त झालेला माणूस. तो दहावी झालेला असतो आणि त्याच्या हाती ‘पदवी समकक्ष’ असे प्रमाणपत्र असते. पंधरा वर्षांची सेवा झालेल्या मॅट्रिक सैनिकाला, जेथे पदवी ही पात्रता आहे अशा केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी पात्र धरावे, असा हा नियम आहे. नोकरीच्या अर्जासाठी ते प्रमाणपत्र मोलाचे आहे. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. त्याच्या आधारावर ‘थेट एम. ए. ला घेतो’ असे कोणी सांगत असेल तर सावध व्हावे. अशा सैनिकाने आधी मुक्त विद्यापीठातून बी. ए. करावे, हाच सरळ मार्ग. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून हेच काम करीत आहे. आम्ही स्वतः एम. ए. केले ते नोकरी सांभाळून, टपालाने येणाऱ्या पुस्तिका लोकलमध्ये उभ्याने वाचून. कसारा लोकलमध्ये इतिहास चांगला पाठ होतो, असा आमचा अनुभव आहे. दिव्याच्या पुढे मात्र पुस्तक उघडण्यास जागा मिळत नाही.

अग्निवीरांची गोष्ट आणखी निराळी. जून २०२२ च्या योजनेनुसार चार वर्षांनी चारांपैकी तिघे घरी परततील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या योजनांचे दार त्यांच्यासाठी उघडत नाही. त्यांना मिळतो तो सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने त्यांच्यासाठी खास पदवी अभ्यासक्रम आखला आहे. त्यात निम्मे श्रेयांक सैन्यातील प्रशिक्षणाचे धरले जातात. आमच्या शाळेतून अग्निवीर झालेली मुले आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच की ही पदवी सेवेत असतानाच पूर्ण करावी. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सेवानिधी हाती येईल तेव्हा घराचे छप्पर, बहिणीचे लग्न, मोटारसायकल ही सर्व मागणी एकदम पुढे येईल, आणि शिक्षण रांगेत शेवटी उभे राहील.

येथे आपल्या भागातील एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती, तिच्याच जागी पुढे उल्हासनगर वसले. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे ‘डिफेन्स’मध्ये आहे असे म्हणण्याची पद्धत पडली. आयुध निर्माणीतील कामगार हे मुलकी कर्मचारी होत, माजी सैनिक नव्हेत. त्यांच्या मुलांना सैनिक बोर्डाच्या योजना लागू होत नाहीत. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल किंवा रेल्वे सुरक्षा दलातील जवानांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीच आहे, पण तिचे अर्ज त्या त्या दलामार्फत जातात. एक पालक तीन महिने ठाण्याच्या सैनिक कार्यालयात खेटे घालीत होते, आणि त्यांची सेवा होती केंद्रीय राखीव पोलीस दलातील.

सैनिकी पिशवी अशी एम. ए. च्या दाराशी रिकामी होते. तेव्हा दुसरी पिशवी पाहिली पाहिजे. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, हा लढा या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते. येथेच सैनिकाचे घर अडखळते. हवालदाराचे पेन्शन, त्यात एखादी सुरक्षारक्षकाची नोकरी, की आकडा अडीच लाखांपलीकडे जातो. मग घरोघरी ठरून जाते की ‘आपल्याला काही मिळत नाही’, आणि अर्जच केला जात नाही.

हे खरे नाही. अडीच लाखांवर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क सवलत आहे. तिलाच महाविद्यालयांत ‘फ्रीशिप’ म्हणतात. निर्वाहभत्ता मिळत नाही, शुल्क माफ होते. याशिवाय उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या पाल्यांसाठीची शैक्षणिक सवलतही त्याच ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर आहे. अनेक पालक दोन्ही पाहतच नाहीत. सर्व लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून अर्जापूर्वी कोणता अधिक लाभाचा ते कागदावर मांडावे. आणि ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाच्या बाबतीत एक सोपी परीक्षा आहे : ज्या संस्थेत, ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावयाचा, त्या दोहोंची नावे महाडीबीटीच्या यादीत आहेत काय, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे. यादीत नाव नसेल तर अर्ज भरताच येत नाही, मग केंद्रातील माणूस काहीही सांगो.

दुसरी परीक्षा पदवीच्या वैधतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नियम केले. मान्यता असलेल्या विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते, हेही आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. तेव्हा ‘घरी बसून केलेली पदवी हलकी’ हा समज सोडावा. परंतु मान्यता विद्यापीठाला असून भागत नाही, त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षाला असावी लागते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर वर्षनिहाय यादी असते. विद्यापीठाने आपले काम खाजगी केंद्राला ठेक्याने देण्यास मनाई आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, विधी असे अभ्यासक्रम या पद्धतीने चालतच नाहीत. आता तर प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला आयोगाकडे स्वतःचा ओळख क्रमांक काढावा लागतो. जो कोणी ‘त्याची गरज नाही, आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणेल त्याच्या दारातून परत फिरावे. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला आणि शुल्क स्वतःच्या पगारातून भरले. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो शाळेत येऊन गेला.

कागदांविषयी शेवटी सांगावयाचे, कारण सर्वाधिक अर्ज तेथेच अडतात. सैनिकाच्या डिस्चार्ज बुकात पत्नीचे व मुलांचे नाव आणि जन्मतारीख असते. शाळेच्या दाखल्यावर वेगळे नाव असते, आधारवर तिसरेच. पलटणीतील कारकून बहुधा परप्रांतीय. ‘ज्ञानेश्वर’चा त्याने ‘ग्यानेश्वर’ केलेला असतो, मुलीचे घरचे नाव लिहिलेले असते, जन्मतारीख अंदाजे टाकलेली असते. जातीच्या बाबतीत वडिलांच्या जुन्या नोंदी एक सांगतात आणि मुलाचा दाखला ‘बौद्ध’ एवढेच सांगतो, तर केंद्राच्या सवलतीसाठी मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र लागते. पदव्युत्तर वर्गात जाईपर्यंत ही दुरुस्ती थांबविली तर शपथपत्र, राजपत्र, अभिलेख कार्यालय असा वर्षभराचा फेरा पडतो.

मूल आठवीत असताना हीच दुरुस्ती पुष्कळ सोपी असते, कारण शाळेच्या नोंदवहीतील नाव दहावीच्या परीक्षेचा अर्ज जाण्यापूर्वी दुरुस्त करता येते. म्हणून यंदापासून आम्ही आठवीच्या सर्व सैनिक पालकांना डिस्चार्ज बुक घेऊन बोलाविणार आहोत. पहिला रविवार ऑगस्ट महिन्यातील आहे. सकाळी दहापासून कार्यालयात दोन शिक्षक बसतील. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना संगणकावर अर्ज भरण्याचा सराव आहे त्यांनी यावे. सैनिकाच्या विधवा भगिनींनी मुलांच्या कागदांबरोबर स्वतःची शेवटची गुणपत्रिकाही आणावी.